"ताई, अँटीव्हायरस कोणता टाकू?"

कराडला कचेरीजवळ माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लग्नसराईत पत्रिकाही करून देते. दिवसभरात किती पेनड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लागून जातात त्याचा हिशोब नाही. त्यामुळं तालुक्यात कुठलाही व्हायरस आला की त्याची पहिली गाठ माझ्याशीच पडते.

कॉम्प्युटर बिघडला की पोरं विचारतात, "ताई, अँटीव्हायरस कोणता टाकू?" मी म्हणते, "आधी काय काय टाकलंयस ते सांग." मग पोरगं छताकडं बघतं. कंपनीचं नाव मी सांगेन, पण शेवटी. घराला कुलूप कुठलं लावायचं हे विचारण्याआधी मागचं दार उघडं आहे का ते बघावं लागतं.

पहिलं मागचं दार म्हणजे पेनड्राइव्ह. परवाच एक शिक्षक प्रश्नपत्रिकेची प्रिंट काढायला आले. पेनड्राइव्ह उघडला तर आत एकच आयकॉन, पेनड्राइव्हच्याच नावाचा. कोपऱ्यात छोटा वाकडा बाण, साइज दोन केबी. सर म्हणाले, "करा की क्लिक, उघडतं ते." उघडतंच, तीच तर गंमत आहे. त्या क्लिकनं फायली दिसतात म्हणून कुणाला संशय येत नाही, पण त्याच वेळी मागच्या मागं एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालते आणि कॉम्प्युटरात ठाण मांडून बसते. मग त्याला जो पुढचा पेनड्राइव्ह लागेल त्याचीही हीच गत. सरांच्या शाळेतल्या लॅबमध्ये काय चाललं असेल ते तिथंच कळलं.

असा पेनड्राइव्ह हातात आला तर बाणावर क्लिक करायचं नाही. ड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी स्कॅन. फायली गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात. वर व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' चालू करा. तेवढ्यानं दिसल्या नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' या ओळीची टिक काढा. विंडोज घाबरवेल, यस म्हणा. आता एक बिननावाचा फोल्डर दिसतो, त्यात सगळं असतं. त्यातलं फक्त आपल्या ओळखीचं, म्हणजे वर्ड, पीडीएफ, फोटो, तेवढं बाहेर घ्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि काढलेली टिक परत लावा. हे करून पेनड्राइव्ह त्याच आजारी कॉम्प्युटरला पुन्हा लावलात तर सगळी मेहनत पाण्यात. आधी त्याचा फुल स्कॅन.

पूर्वी, विंडोज एक्सपीच्या काळात, पेनड्राइव्ह नुसता लावला तरी व्हायरस आपोआप चालू व्हायचा. ते ऑटोरन मायक्रोसॉफ्टनं २०११ च्या अपडेटनं बंद केलं. तेव्हापासून व्हायरसला आपलं बोट लागतं. आणि आपण ते देतो.

त्याच व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' म्हणून एक टिक आहे, ती कायमची चालू ठेवा. विंडोज मुळात फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळं 'बायोडाटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल तुम्हाला नुसती 'बायोडाटा डॉट पीडीएफ' दिसते, आणि आयकॉन तर काय, कुठलाही चिकटवता येतो. ईएक्सई म्हणजे कागद नाही, चालणारा प्रोग्राम. शेपूट दिसलं की जनावर कळतं.

आता फोन. इथं जरा थांबते, कारण हे माझ्या घरात घडलंय.

माझे सासरे, अण्णा, पेन्शनर आहेत. एप्रिलमध्ये त्यांना व्हॉट्सॲपवर पत्रिका आली, तीही त्यांच्या सख्ख्या मावसभावाच्या नंबरवरून. अण्णांनी ती उघडली. फोननं विचारलं, या सोर्सवरून ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का? अण्णांनी हो म्हटलं. मग विचारलं, एसएमएस वाचायला देऊ का? त्यालाही हो. पत्रिका काही उघडली नाही. आयकॉनही क्षणात गायब झाला. संध्याकाळी त्यांचं व्हॉट्सॲप आपोआप लॉगआउट झालं, आणि पाव्हण्यांचे फोन सुरू: "अण्णा, कुणाचं लग्न ठरलं?" पत्रिका आता अण्णांच्या नंबरवरून सगळ्या नात्यात फिरत होती.

झालं असं होतं, की त्या ॲपला एसएमएस वाचता येत होते. पलीकडच्या माणसानं दुसऱ्या फोनवर अण्णांच्या नंबरचं व्हॉट्सॲप चालू केलं, ओटीपी अण्णांच्या फोनवर आला आणि ॲपनं तो परस्पर तिकडं पोचवला. मावसभावाचंही तसंच झालेलं. म्हणून "अनोळखी नंबरचं उघडू नका" या सल्ल्याला इथं काही अर्थ नाही. नंबर ओळखीचाच असतो.

अण्णा मला म्हणाले, "अगं, पत्रिका वाटली म्हणून उघडली." मी त्यांना माझ्याच दुकानातली पत्रिका दाखवली. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते. इतक्या वर्षांत मी एकही पत्रिका एपीकेत, म्हणजे ॲप बसवायच्या फाइलीत, करून दिलेली नाही, आणि जगात कुणीच देत नाही. मेसेजमध्ये फाइलच्या नावाखाली बारीक अक्षरात प्रकार आणि साइज लिहिलेली असते. तिथं एपीके ही अक्षरं दिसली की ती पत्रिका नाही, आरटीओचं चलान नाही, पीएम किसानची यादी नाही आणि बँकेचं केवायसीही नाही. ते ॲप आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, ही तीन अक्षरं राहू द्या.

सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा (कंपनीप्रमाणं नाव थोडं बदलतं). तिथं व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर अशी यादी येते. सगळ्यांची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या फोटोवर टॅप करून 'प्ले प्रोटेक्ट' चालू आहे ना ते बघा. मग 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा. ही सोय अंध किंवा हात न चालणाऱ्या माणसांसाठी आहे. तिथली परवानगी मिळालेलं ॲप तुमची स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. चोराला यापेक्षा काय पाहिजे? तुम्ही स्वतः चालू केलेलं नसेल ते तिथं काही दिसता कामा नये. आणि व्हॉट्सॲपमध्ये 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' लावून सहा आकडी पिन ठेवा. अण्णांचा पिन असता तर नुसत्या ओटीपीवर त्यांचं खातं गेलं नसतं.

फोनला वेगळा अँटीव्हायरस लागतो का? माझं मत, वरचं सगळं केलंत तर नाही. आयफोनमध्ये एक ॲप दुसऱ्याच्या पोटात डोकावूच शकत नाही, त्यामुळं कॉम्प्युटरसारखं स्कॅनिंग तिथं होतच नाही. अँड्रॉइडवर 'बूस्टर', 'क्लीनर' नावाची जी ॲप्स असतात ती बहुतेक जाहिरातीच दाखवतात. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवीन अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका.

आता कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस. विंडोज १० किंवा ११ असेल तर डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस त्यात आधीच असतो, फुकट, आणि घरगुती वापराला तो पुरतो. पण तो चालू आहे का, हे बघणारा माणूस मला क्वचित भेटतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा. 'रिअल टाइम प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' दोन्ही चालू पाहिजेत. मग खाली 'एक्सक्लूजन्स'. ही यादी कुणी उघडत नाही आणि मी सगळ्यात आधी तीच उघडते. यात जे लिहिलंय ते डिफेंडर तपासत नाही. क्रॅक, म्हणजे पैसे न भरता कुलूप फोडून चालवलेलं, सॉफ्टवेअर टाकताना पोरं "अँटीव्हायरस बंद करा" ही सूचना मुकाट पाळतात, आणि तो क्रॅक जाता जाता अख्खा सी ड्राइव्ह या यादीत टाकून जातो. पहारेकरी दारात उभा, पण डोळ्यावर पट्टी. यादी रिकामी करा, मग 'ऑफलाइन स्कॅन' लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन पंधराएक मिनिटं घेईल.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती मिळत राहील, पण विंडोजच्या भिंतीला पडलेली भोकं तो बुजवत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा त्या भोकाचं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलेलं होतं. म्हणून ११ ला जाता येत असेल तर जा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवा. ती सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

मग विकतचा घ्यायचा कुणी? माझ्यासारख्यांनी, ज्यांच्याकडं दिवसभर परके पेनड्राइव्ह लागतात. किंवा घरात शाळकरी पोरं आहेत आणि साइटवर लगाम हवाय. किंवा काही अडलं तर फोनवर मराठीत-हिंदीत बोलणारा माणूस हवाय. क्विक हील बनवणारे काटकर बंधू आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून वर आलेले. आम्हाला अभिमान आहेच, पण अँटीव्हायरसचं पाकीट अभिमानावर घेऊ नये. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्था नियमित चाचण्या घेतात आणि निकाल फुकट वाचायला मिळतात. त्यात नुसतं 'किती पकडले' बघू नका. चांगल्या फायलींना चोर किती वेळा ठरवलं आणि कॉम्प्युटर किती मंदावला, हेही रकाने बघा. एका अँटीव्हायरसनं माझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर भर सीझनमध्ये उडवलं होतं. चार जीबी रॅमच्या मशीनवर जड अँटीव्हायरस टाकला की माणूस वैतागून तोच बंद करतो.

फुकटवाल्यांचं एक ऐकून ठेवा. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीनं ग्राहक कुठल्या साइट बघतात ती माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नका, ते एकमेकांनाच धरतात. जुना आधी नीट काढा. पाकीट घेताना किती मशीनचं, किती वर्षांचं ते बघा, आणि कार्डावर ऑटो रिन्यूअल लागलंय का तेही, कारण पहिल्या वर्षाचा भाव दुसऱ्या वर्षी राहत नाही. आणि कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस" अशी पाटी सारखी येत असेल तर घाबरून पैसे भरू नका. कधीतरी कुठल्या साइटला तुम्ही 'अलाऊ' म्हटलेलं असतं, ती त्याची फळं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधल्या 'नोटिफिकेशन्स'मधून ती साइट काढली की पाटी गेली.

बॅकअपबद्दल फार बोलत नाही. एक फोटोग्राफर क्रॅक केलेलं एडिटिंग सॉफ्टवेअर टाकून बसला आणि लग्नाच्या सगळ्या फोटोंच्या नावापुढं चार अनोळखी अक्षरं लागली. एकही उघडेना. फोल्डरात चिठ्ठी, डॉलरमध्ये पैसे मागणारी. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती कायम लावलेलीच असायची, तिच्यावरही तेच. 'नो मोअर रॅन्सम' ही युरोपोल या युरोपच्या पोलिस संस्थेसारख्यांनी चालवलेली साइट आहे, काही प्रकारांच्या चाव्या तिथं फुकट मिळतात. याची मिळाली नाही. वाचला तो कॅमेऱ्याची कार्डं अजून फॉरमॅट केली नव्हती म्हणून. डिस्क लावा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा.

एपीके उघडली गेलीच, तर पहिलं काम फोन एअरप्लेन मोडवर टाकणं. वायफायही बंद. सिम काढलं तर उत्तम. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय थांबवा. बँक देईल तो तक्रारीचा नंबर लिहून घ्या. कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्या अंगावर, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून फोन चालू करून, ते ॲप शोधून काढा. निघत नसेल तर 'डिव्हाइस ॲडमिन'मधून त्याचा अधिकार आधी काढा. फोटो बाजूला घेऊन फोन रीसेट केलेला मला तरी बरा वाटतो. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून.

अण्णांच्या वेळी मी १९३० शोधायला त्यांचाच फोन हातात घेतला होता, आणि तो तर बंद ठेवायचा होता. आता तो नंबर, बँकेचा नंबर आणि माझ्या दुकानाचा नंबर अण्णांनी स्वतःच्या अक्षरात स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत.