पारसिकचा डोंगर टीपॉयवर

ठाण्याच्या नौपाड्यात तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, पण टी गेज या मापाची खेळण्यातली रेल्वेगाडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा डोळ्याला भिंग लावून नुसता बघत बसलो. रुळांमधलं अंतर 3 मिलिमीटर, प्रमाण 1:450. वीस मीटरचा डबा साडेचार सेंटिमीटरचा! 2006 साली टोकियोच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात एइशिंदो या जपानी कंपनीने ती प्रथम दाखवली.

रुळांचा आराखडा आपल्या दारातलाच घ्या. पूर्वी कळव्यापुढे स्लो लोकल डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जायची, फास्ट थेट पारसिकच्या बोगद्यातून, आणि दिव्याला दोन्ही वाटा भेटायच्या. आयताच लंबगोल मिळाला. 60 बाय 30 सेंटिमीटरच्या प्लायवर तो बसतो. वळण 12 सेंटिमीटर त्रिज्येचं घ्या. 6चंही मिळतं, पण त्यावर लोकल शोभत नाही. खरा बोगदा 1.3 किलोमीटरचा, 450ने भागला तरी जवळजवळ तीन मीटर. मी 20 सेंटिमीटरचा केला. चार डब्यांची गाडी त्यात पूर्ण लपते.

डोंगर थर्माकोलचा, वर टिश्यू पेपर फेविकॉलमध्ये भिजवून. मागची बाजू उघडी ठेवा, अडकलेल्या गाडीपर्यंत हात पोचला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या गाडीच्या चाकांत चुंबक असतं, त्यामुळे ती पोलादी रुळांना धरून राहते. मी रुळालगत बांधकामाची वाळू पसरली आणि तिसऱ्या फेरीला गाडी बोगद्यातच थांबली. भिंगाखाली पाहिलं तर चाकांवर काळ्या कणांची दाढी उगवलेली! वाळूत लोहाचे कण असतात. चिकटपट्टीने एकेक कण टिपता टिपता रात्र गेली. तेव्हापासून मलमलच्या कापडातून चाळलेली रांगोळीच वापरतो, तीही कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवून तपासल्यावर. शिवाय इथे एक मिलिमीटरचा खडा म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरचा धोंडा, म्हणून पूड बारीकच हवी.

चिमटा पितळेचा घ्या, पोलादी चिमटा चाकाला चिकटतो. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा, पावसाळ्यात रोज. तारेची घासणी जवळही आणू नका.

माणसं केरसुणीच्या काडीची करतो, पावणेचार मिलिमीटरची, डोक्यावर काळ्या रंगाचा ठिपका. कळव्याच्या फलाटावर आजवर चाळीस उभी केलीत, अजून दाटी पुरेशी वाटत नाही.