उच्च पातळीवर रोइंग करायचंय? मुलींसाठी तयारीचा हिशेब

रोइंग, म्हणजे शर्यतीसाठी नाव वल्हवणं, उशिरा सुरू केलं तरी चालतं. ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हरने २००८ मध्ये सुरुवात केली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. मात्र सरावात घाई केली, तर शरीर साथ देत नाही.

सरावाचा सुमारे ८० टक्के वेळ सावकाश वल्हवण्यात घालवा. मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक (वल्ह्याचे पूर्ण फटके), ६० ते ९० मिनिटं, आणि दम एवढाच की बोलता यावं. सोपं वाटतंय म्हणून अनेकजणी इथेच वेग वाढवतात आणि जोरकस सरावाच्या दिवशी पाय जड पडतात. रोइंग मशीनवर सराव करताना डँपर, म्हणजे चाकात येणारी हवा कमी-जास्त करणारा खटका, १० वर ठेवू नका. मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर (हवेचा चाकाला किती अडथळा होतो ते सांगणारा आकडा) बघा, बहुतेकींना ११० ते १२० पुरतो. त्याहून जास्त ठेवला की प्रत्येक स्ट्रोकला कंबर भरडली जाते.

स्ट्रोकचा क्रम पाय, पाठ, हात; परतताना हात, पाठ, पाय. हँडल गुडघ्यांच्या पुढे गेल्याशिवाय गुडघे वाकवू नका. बाजूने मोबाइलवर शूटिंग करा. पाय ढकलताच सीट मागे सरकते आणि हँडल मात्र तिथेच राहतं, असं दिसलं तर पायांचा जोर वल्ह्यापर्यंत पोचतच नाहीये.

मशीनवरची २००० मीटरची चाचणी बहुतेकदा पहिल्या ५०० मीटरमध्येच बिघडते. ७ मिनिटांचं लक्ष्य असेल तर दर ५०० मीटरला सरासरी १:४५ हवेत. पहिला टप्पा १:४४, मधले दोन १:४५.५, शेवटचा १:४५. सुरुवातीलाच १:३८ मारलेत तर तिसऱ्या टप्प्यात पाय पेटतात आणि कमावलेल्या सेकंदांपेक्षा जास्त सेकंद हातचे जातात.

बरगड्यांकडे दुर्लक्ष करू नका, हे कळकळीने सांगणं आहे. कुशीवर वळताना, खोकताना किंवा खोल श्वास घेताना एकाच जागी दुखत असेल तर वल्हवणं त्याच दिवशी थांबवा. बरगडीला ताणाने पडलेली चीर सुरुवातीला एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. भरून यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुखणं अंगावर काढलं तर सगळा हंगाम जातो. सायकल चालवताना दुखत नसेल तर बरगडी भरून येईपर्यंत ती चालवा.

पाळी सलग तीन महिने आली नाही तर ते कसून सराव केल्याचं लक्षण समजू नका. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. डॉक्टरांना दाखवा. वजन उतरवून लाइटवेट गटात शिरण्याचा विचार असेल तर हेही लक्षात घ्या: ५९ किलोची मर्यादा असलेला हा गट २०२४ च्या पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून गेला आहे.

रोज वहीत चार गोष्टी लिहा: उठल्यावरची नाडी, झोपेचे तास, पाळीची तारीख आणि कुठे दुखतंय ते. नाडी सलग तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागली, तर त्या दिवशीचा जोरकस सराव रद्द करा आणि वही प्रशिक्षकांना दाखवा.