ट्रायलमध्ये नाव घालायचंय? आधी कागद घरी आणा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मधुमेहाच्या एका नव्या गोळीच्या अभ्यासात, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत (ट्रायलमध्ये), मी स्वतःहून भाग घेतला. चोवीस आठवडे, दवाखान्याच्या सात फेऱ्या. तेव्हापासून ओळखीच्या बायका विचारतात, "बाई, आम्हालाही दवाखान्यात विचारलंय. हो म्हणू का?" प्रत्येकीला जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

मला विचारलं ते ओपीडीच्या रांगेत. अभ्यासाचं काम बघणारी कोऑर्डिनेटर मुलगी घाईत होती. बारा पानी संमतीपत्राचं शेवटचं पान उघडून म्हणाली, "काकू, इथे आणि इथे सही करा, बाकी सगळं नेहमीचंच आहे." मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "हे मी घरी नेऊन वाचते." तिचा चेहरा उतरला, पण कागद दिला. तुम्हीही असंच करा. वाचायला, घरच्यांशी बोलायला वेळ देणं हे त्यांचं कामच आहे. कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवा. मराठी प्रत मागायला संकोच करू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सगळं वाचून दाखवावं लागतं, आणि त्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार हजर असावा लागतो.

घरी मी लाल पेन घेऊन बसले, उत्तरपत्रिका तपासायचे तशीच. एका ओळीवर अडले: "आवश्यकतेनुसार अतिरिक्त रक्तनमुने घेतले जातील." आवश्यकता कोणाची, आणि किती नमुने? पुढच्या खेपेला डॉक्टरांनाच विचारलं. "जास्तीत जास्त दोन, तेही आधीचा रिपोर्ट संशयास्पद आला तर," ते म्हणाले. ते उत्तर मी माझ्या प्रतीच्या समासात तारखेसह लिहून ठेवलं. अशा ओळी प्रत्येक संमतीपत्रात सापडतात. खूण करत जा.

प्लासिबो हा शब्द नीट समजून घ्या. काही जणांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळते. कोणाला कोणती, हे बऱ्याचदा डॉक्टरांनाही माहीत नसतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्यातून कोविशील्डची चाचणी सुरू झाली. देशभरात १६०० स्वयंसेवक घ्यायचे होते, त्यातही एका गटाला प्लासिबोच होता. तेव्हा विचारायचं ते हे: मला औषध नसलेली गोळी मिळाली तर माझं आत्ताचं औषध चालू राहणार का? माझ्या अभ्यासात मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी, सगळ्यांचीच चालू होती, म्हणूनच मी हो म्हटलं. तसं नसतं तर नाही म्हटलं असतं.

मग अभ्यास खरोखर नोंदलेला आहे का ते बघा. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे चाचण्यांची नोंदवही, थोडक्यात सीटीआरआय, २००७ पासून आहे आणि औषधांच्या चाचण्यांची नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. संमतीपत्रावर सीटीआरआयने सुरू होणारा नंबर असेल तर तो तिच्या वेबसाइटवर टाका, पैसे लागत नाहीत. कोण भाग घेऊ शकतं, कोण नाही, कोणत्या गावांत अभ्यास चालू आहे, भरती उघडी आहे की संपली, सगळं दिसतं. मजकूर इंग्रजीत असतो, माझ्या लेकीने शेजारी बसून वाचून दाखवला. नंबर दिसला नाही तर मागा, आणि टाळाटाळ झाली तर सरळ घरी या.

औषधांच्या चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांनी आपल्याला बरंच काही दिलं आहे, पण ते कोणी आपणहून सांगत नाही. चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार मोफत. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई. मृत्यूची भरपाई ८ लाखांचा पाया धरून, वय आणि जोखीम यांच्या सूत्राने ठरते. म्हणून संमतीपत्रावर वारसदाराच्या नावाची जागा असते. ती रिकामी सोडू नका. माझ्या फॉर्मवर तिथे आधीच रेघ मारून ठेवली होती. मी नवा कागद मागितला आणि लेकीचं नाव घातलं. सही केलेली प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. तीवर एथिक्स कमिटीचा, म्हणजे भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन असतो, तो मोबाइलमध्ये साठवा. डॉक्टरांशी जमलं नाही तर दाद तिथे मागायची. आणि कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.

अभ्यास सुरू झाल्यावर मात्र जबाबदारी आपली. काढे, आयुर्वेदिक चूर्णं, शेजारणीने दिलेली गोळी, सगळं सांगा. उपवाससुद्धा. मी संकष्टी करते. पहिल्या महिन्यात संकष्टीच्या दिवशी गोळी राहिली, मग भाचीच्या लग्नात आणखी एक. पुढच्या फेरीत बाटली उलटी करून गोळ्या मोजल्या तेव्हा दोन जास्त निघाल्या. मी डायरीत दोन्ही दिवस लिहिले होते, ते दाखवले. डॉक्टर म्हणाले, "लिहिलंत ते बरं केलंत. काही लोक उरलेल्या गोळ्या फेकून देतात." असं फेकणं म्हणजे पुढे ती गोळी घेणाऱ्या हजारो माणसांना चुकीची माहिती देणं. हे मला मनापासून सांगायचं आहे.

एका रात्री घाम फुटला, हात थरथरले. शुगर ६८. दोन चमचे साखर खाल्ली आणि कागदावरच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन केला. किरकोळ वाटलं तरी कळवा. गंभीर त्रास असेल, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर ते डॉक्टरांना चोवीस तासांत वर कळवावं लागतं, आणि त्यासाठी आधी तुम्ही त्यांना सांगायला हवं.

निरोगी माणसांच्या अभ्यासांत मोबदला मिळतो. पैशांची गरज असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घालू नका. बहुतेक ठिकाणी दोन अभ्यासांत साधारण तीन महिन्यांचं अंतर मागतात, ते तुमच्याच रक्तासाठी आहे. गावाहून येणार असाल तर भाडं कधी मिळणार तेही पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. आणि उपाशीपोटी रक्त द्यायच्या दिवशी डब्यात पोहे असू द्या.

गोळी चांगली लागू पडली तर अभ्यासानंतरही मिळेल का, हे सुरुवातीलाच विचारायचं. मला नाही मिळाली. शेवटच्या फेरीला सगळ्या रिपोर्टांच्या प्रती घ्या आणि आठवड्याच्या आत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी माझी उपाशीपोटीची शुगर १९० वर गेली होती. रिपोर्ट हातात होते म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी डोस बदलून दिला.