उगारिटिक लिपी: शाडूच्या मातीवर सुरुवात कशी करावी

पांडवलेण्यांतले ब्राह्मी लेख वाचता येऊ लागले की नाशिकमधल्या हौशी अभ्यासकांना आणखी जुन्या लिप्या खुणावतात. उगारिटिक ही सीरियातल्या उगारिट या प्राचीन नगराची, ओल्या मातीत पाचरी (पाचरीच्या आकाराचे ठसे) दाबून लिहायची लिपी. तिच्यासाठी आधी 30 चिन्हांचा तक्ता पाठ करू नका. हाताला वळण लागू द्या.

गणपतीची शाडूची माती अर्धा किलो पुरते. कणकेपेक्षा घट्ट मळा. चिकट राहिली तर काडी उचलताना कडा फाटतात. तळहाताएवढी, बोटभर जाडीची पाटी थापा. बांबूची चौकोनी टोकाची काडी घ्या, साधारण 5 मिमीची. तिचा कोपरा तिरका टेकवून दाबायचा. ओढलात की नुसती रेघ येते, पाचर उमटत नाही. पाटी सावलीत सुकवा, एप्रिलच्या उन्हात ती तडकते.

पहिला शब्द अनत् देवीचा घ्या: ऐन (घशातून उच्चारायचं व्यंजन), न्, त्. ऐनसाठी फक्त कोपरा टेकवा, शेपूट नको. न् म्हणजे ओळीने तीन आडव्या पाचरी, त् म्हणजे एक. घोळ इथेच होतो. न् आणि त् चिकटले तर चार पाचरी दिसतात, आणि दोन पाचरींचा 'अ' दोनदा लिहिला तरी चारच. म्हणून अक्षरांत अर्ध्या पाचरीची फट हवीच. शब्द तोडणारी खूण उभी पाचर असते आणि ग् सुद्धा. खूण निम्म्या उंचीची ठेवा. वाचताना टॉर्च डावीकडून तिरका धरा.

ब्राह्मीची सवय एका बाबतीत नडते. इथे व्यंजनात 'अ' गृहीत नसतो. म्-ल्-क् (राजा) टिपताना हलन्तच लिहा. स्वर कळतो तो अलेफच्या (घशातल्या अटकावाच्या व्यंजनाच्या) अ, इ, उ या तीन चिन्हांपुरताच.

सीरियातल्या रास शामरा (म्हणजेच जुनं उगारिट) इथे 1929 मध्ये फ्रेंच उत्खनन सुरू झालं. पुढच्याच वर्षी जर्मनीत, हाले इथे, हान्स बाउअर यांनी द्वैभाषिक लेखाविना बरीचशी अक्षरं ओळखली. भाषा सेमिटिक (हिब्रू, अरबीच्या कुळातली) असणार असं धरून, शब्दांच्या आरंभी आणि शेवटी कोणती चिन्हं येतात ते त्यांनी तपासलं. काही चुकली, ती फ्रेंच अभ्यासक दोर्म यांनी दुरुस्त केली. दुसरे फ्रेंच अभ्यासक विरोलो स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. तरी शिकणाऱ्याला जर्मनीची खरी देणगी म्हणजे म्युन्स्टरच्या डीट्रिख आणि लोरेट्स यांनी सानमार्तीन यांच्यासह 1976 मध्ये काढलेला 'केटीयू' हा उगारिटिक पाट्यांवरच्या मजकुरांचा क्रमवार संग्रह. त्यातला पहिला आकडा प्रकार सांगतो: 1 पुराणकथा आणि धार्मिक मजकूर, 2 पत्रं, 4 हिशेब, 5 लेखनिकांचा सराव. 5 पासून सुरू करा, मग 4, बआल देवाच्या कथा (1.1 ते 1.6) नंतर.

आर.एस. (रास शामरा) हे उत्खननाचे क्रमांक, त्यात पहिला आकडा मोहिमेचा. आर.एस. 12.063 आणि केटीयू 5.6 ही एकच पाटी आहे: मुळाक्षरांची. गिरवायला तीच घ्या.