प्लास्टिक शीटची युद्धनौका: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

शिडाच्या युद्धनौकेची प्रतिकृती स्वतः घडवायला घेणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ नौकेच्या पोटाला, म्हणजे सांगाड्याला आणि त्यावरच्या कातडीला द्यावा, हे माझे मत पहिली नौका वाया गेल्यावर पक्के झाले. मी चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात राहतो आणि ‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, १:२०० प्रमाणात करतो आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली ही नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तोफांच्या डेकवर तिची लांबी सुमारे ४५.८ मीटर आहे, त्यामुळे प्रतिकृतीत ती २३ सेंटिमीटरच्या आत बसते.

कणा आणि बरगड्या १ मिलिमीटरच्या पॉलिस्टायरीन शीटमधून काढाव्यात. शीट आरपार कापावी लागत नाही. सुरीने दोन-तीनदा ओरखडा देऊन वाकवली की ती रेषेवर सरळ मोडते.

माझी चूक जोडणीत झाली. मी डायक्लोरोमिथेन, म्हणजे प्लास्टिक विरघळवून सांधणारा द्रव, वापरत होतो. ते सुमारे ४० अंशांना उकळते आणि मे महिन्यात टिनाच्या छपराखाली आमची खोली त्याहून अधिक तापते, त्यामुळे ब्रश सांध्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो कोरडा पडे आणि मी पुन्हापुन्हा भरपूर द्रव लावत गेलो. आठवड्याभराने पाहतो तर चारा तुटलेल्या बैलासारख्या नौकेच्या फासळ्या वर आल्या होत्या. बंद पोटात अडकलेल्या वाफेने ०.५ मिलिमीटरची कातडी मऊ पडून बरगड्यांच्या मधोमध खचली होती, आणि ते पॉलिश पेपरने घासून दुरुस्त होण्यासारखे नव्हते.

आता मी प्रत्येक बरगडीला ३ मिलिमीटरचे भोक पाडतो आणि तळाशी एक वाट मोकळी ठेवतो. दोन्ही तुकडे कोरडेच जुळवून ब्रशचे टोक सांध्याला नुसते टेकवावे, द्रव आपोआप आत ओढला जातो. पुढचा थर दोन दिवसांनी द्यावा. उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावे आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण ही वाफ श्वासाला घातक आहे. शेवटी ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून, अंधारात बॅटरीचा झोत बाजूने आडवा टाकून पाहावे; दिवसा न दिसलेला खळगा तेव्हा लगेच सावली टाकतो.

तोफांच्या खिडक्या, या नौकेत मुख्य डेकवर दर बाजूला चौदा, पाण्याच्या रेषेला समांतर कापू नयेत. डेक मध्यभागी खाली आणि दोन्ही टोकांना किंचित वर असतो, आणि खिडक्यांची ओळ त्याच वळणाने जाते.

डोलकाठ्यांसाठी मात्र प्लास्टिक नको, दोरांच्या ताणाने ते वाकते. आपल्याकडच्या बांबूची कामटी तासून घ्यावी. दोरांना मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून पंख्याची उरलेली तांब्याची तार आणतो. साधारण ०.१९ मिलिमीटरची तार या प्रमाणात ३८ मिलिमीटरच्या दोराइतकी भरते. तिचे एक टोक शिकंज्यात धरून दुसरे पक्कडीने सावकाश ओढावे, तार हाताला जराशी सैल लागली की थांबावे; ती सुतासारखी सरळ होते आणि पावसाळ्यातही ढिली पडत नाही.