युरेनस-नेपच्यून ‘दिसत नाहीत’? बेळगावच्या गच्चीवरून पाहताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास बेळगाव-खानापूर भागातले आकाश निवळते आणि पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या दुर्बिणी गच्चीवर येतात. गुरू आणि शनी पहिल्या रात्रीच सापडतात. युरेनस आणि नेपच्यून मात्र दिसतच नाहीत, अशी तक्रार नवे निरीक्षक हमखास करतात. माझ्या मते, बहुतेक वेळा ग्रह दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात आलेला असतो, पण पाहणाऱ्याला तो ओळखता येत नाही.

याचे मूळ कारण अपेक्षेत आहे. युरेनसची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (जितका लहान तितका ग्रह तेजस्वी), साधारण 5.7 असली, तरी त्याचे बिंब जेमतेम 3.7 विकलांचे (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग), आणि नेपच्यूनचे तर 2.3 विकलांचेच असते. त्यामुळे 60-70 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून कमी वर्धनाला दोन्ही ग्रह निव्वळ ताऱ्यासारखे दिसतात. गडद निळ्या गोळ्याची वाट पाहणारा माणूस समोरचा फिकट ठिपका सोडून पुढे जातो. तो गडद निळा रंगही फसवा आहे, कारण व्हॉयेजर 2 या अंतराळयानाने 1989 मध्ये टिपलेल्या नेपच्यूनच्या प्रतिमांमधील रंग ढगांचे तपशील उठून दिसावेत म्हणून गडद करण्यात आले होते. प्रत्यक्षात दोन्ही ग्रह फिकट हिरवट-निळेच आहेत, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरविश्लेषणाने दाखवून दिले.

ओळख पटवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वही. संशयित ठिपका आणि त्याच्या आसपासचे चार-पाच तारे यांचे रेखाटन करावे व आठवड्याने तोच भाग पुन्हा पाहावा. प्रतियुतीच्या, म्हणजे ग्रह सूर्याच्या अगदी विरुद्ध दिशेला येण्याच्या, सुमारास युरेनस एवढ्या काळात चंद्रबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीइतका सरकतो, तारे मात्र जागच्या जागी राहतात. एकाच रात्रीच्या पाहण्यावर भिस्त ठेवण्याची चूक थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. गॅलिलिओने 1612-13 च्या हिवाळ्यात गुरूचे निरीक्षण करताना नेपच्यूनची नोंद तारा म्हणून केली, आणि त्याचा ग्रह म्हणून शोध लागायला 1846 साल उजाडले.

रेखाटन नकाशाशी जुळत नसेल, तर दोष बहुधा दुर्बिणीच्या मागील बाजूस बसवलेल्या काटकोनी आरशाचा असतो, कारण त्यातून दृश्य डावे-उजवे उलटे दिसते. मोबाइलवरील नकाशाही तसाच उलटा करून घ्यावा. पंचांगातल्या ‘हर्षल’चे नाव अॅपमध्ये शोधून निराश झालेलेही अनेक जण आहेत, तो युरेनसच आहे.

खोक्यावर छापलेल्या ‘525 पट’ वर्धनावर विश्वास ठेवू नये. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याच्या दुप्पट, म्हणजे 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीला सुमारे 140 पट, ही व्यवहारातली कमाल मर्यादा होय. त्यापुढे बिंब मोठे होते आणि धूसरही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि प्रतिमा थरथरते, तेव्हा गच्चीपेक्षा अंगणातली माती किंवा गवत बरे. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी. गळीत हंगामात उसाचा पाला जाळल्याचा धूर क्षितिजालगत साचतो, म्हणून ग्रह उंच चढेपर्यंत थांबावे. शहराच्या दिव्यांपासून दूर, जांबोटीच्या बाजूला गेल्यास नेपच्यूनच्या बाबतीत फरक स्पष्ट जाणवतो.

शनीची कडी बारीक दिसली म्हणून भिंग बिघडले असे समजू नये. मार्च 2025 मध्ये कडी पृथ्वीच्या नजरेला अगदी आडवी, कडेवर आली होती, आणि त्यानंतर ती वर्षागणिक हळूहळू उघडत आहेत. शनीजवळचा तेजस्वी ‘तारा’ बहुधा टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र असतो. तो साधारण 16 दिवसांत शनीभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे तोही वहीत उतरवण्याजोगा आहे.

प्लुटोच्या मागे लहान दुर्बीण घेऊन लागू नये. त्याची प्रत 14 च्याही पलीकडे आहे, आणि त्यासाठी 250-300 मिलिमीटर व्यासाचा आरसा, काळोखे आकाश व तपशीलवार नकाशा लागतो.