डेटम बदलायचा तर फिरकीच्या चिन्हाकडे बघा

जुन्या नकाशाचे पॉइंट आणि जीपीएसचे पॉइंट एकत्र आणायचे असतील तर आधी दोन्हींचा डेटम, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि केंद्र कुठे धरून कोऑर्डिनेट मोजलेत ती चौकट, शोधून लिहून ठेवा. नुसतं "लॅट-लाँग" लिहिलेली फाइल आली तर काम सुरूच करू नका, परत पाठवा. भारताच्या जुन्या नकाशांच्या एव्हरेस्ट १८३० या एलिप्सॉइडमध्ये (पृथ्वीचा गणिती, किंचित चपटा गोल) विषुववृत्तीय त्रिज्या ६३७७२७६ मीटर धरलीये आणि जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ मध्ये ६३७८१३७, शिवाय जुन्या डेटमचं केंद्रही पृथ्वीच्या केंद्रावर नसतं, म्हणून तेच आकडे जमिनीवर दोन वेगळ्या जागा दाखवतात. जपानच्या जुन्या टोकियो डेटममध्ये हा फरक चारशे मीटरच्या वर जातो.

इपोक म्हणजे कोऑर्डिनेट कोणत्या तारखेचे तेही लिहा. ऑस्ट्रेलिया वर्षाला साधारण ७ सेंटिमीटर सरकतो, म्हणून तिथल्या जीडीए ९४ आणि जीडीए २०२० या दोन डेटममध्ये १.८ मीटरचं अंतर पडलंय.

मग ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे एका डेटममधून दुसऱ्यात न्यायचं गणित, निवडा. "एक पॉइंट जुळवा आणि बाकी सगळं तेवढंच सरकवा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. एका छोट्या प्लॉटपुरतं ते चालून जाईल, पण लांब रस्ता किंवा कालवा असेल तर अजिबात करू नका, कारण हा फरक जागेगणिक बदलतो.

आता खरी अडचणीची जागा. सात पॅरामीटरच्या हेल्मर्ट ट्रान्सफॉर्मेशनमध्ये तीन सरकवण्या, तीन फिरक्या आणि एक स्केल असतो, आणि त्या फिरक्यांचं चिन्ह लिहायच्या दोन पद्धती आहेत: पोझिशन व्हेक्टर आणि कोऑर्डिनेट फ्रेम, ईपीएसजीच्या (डेटम आणि ट्रान्सफॉर्मेशनच्या पद्धतींना नंबर देणारी यादी) यादीत ९६०६ आणि ९६०७. आकडे तेच, फक्त अधिकचं उणे होतं. पॅरामीटर एका पद्धतीचे आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या पद्धतीचं असलं तरी प्रोग्राम काहीही तक्रार करत नाही, उत्तर देऊन मोकळा होतो. १ सेकंदाची (कोनाचा सेकंद, अंशाचा ३६०० वा भाग) फिरकी म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावर ३१ मीटरपर्यंत, आणि चिन्ह उलटं पडलं की चूक दुप्पट. फिरकी ०.१ सेकंदाची असली तरी ६ मीटरपर्यंत घोळ होतो.

मी यात दोन दिवस घालवलेत. बेस (एका जागी ठेवलेला जीपीएस) परत लावला, अँटेनाची उंची परत मोजली, रोव्हरवर (हातात फिरवायचा जीपीएस) संशय घेतला, आणि ट्रॅव्हर्स (एकामागून एक मोजलेल्या रेषांची साखळी) तर सुंदर क्लोज होत होता, म्हणजे शेवट माहीत असलेल्या पॉइंटवर बरोबर येत होता, म्हणून कॅल्क्युलेशनकडे बघितलंच नाही. तीच माझी चूक. चुकीच्या डेटममध्ये एका छोट्या भागातले सगळे पॉइंट जवळपास सारखेच सरकतात, आपसातली अंतरं आणि कोन तसेच राहतात, त्यामुळे क्लोजर चांगला आला म्हणजे डेटम बरोबर आहे असं कधीच समजू नका. क्लोजरला डेटम कळतच नाही.

उपाय एकच आहे, तो टाळू नका. दोन्ही डेटममध्ये कोऑर्डिनेट माहीत असलेले कमीत कमी दोन-तीन कंट्रोल पॉइंट (खात्रीने मोजलेले पक्के पॉइंट) बाजूला ठेवा, पॅरामीटर काढताना ते अजिबात वापरू नका, आणि नंतर त्यांच्यावर उत्तर तपासा. फरक मीटरमध्ये आला तर फिरक्यांची चिन्हं उलटी करून बघा, एका झटक्यात जुळलं तर कारण सापडलं. जे पॉइंट वापरून पॅरामीटर काढले त्यांच्यावरच तपासणी करणारे लोक मला अजूनही भेटतात, ती तपासणीच नव्हे.

उंची वेगळी हाताळा. जीपीएसची उंची एलिप्सॉइडवरची असते, तिच्यातून जिऑइडची (सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग) एलिप्सॉइडपासूनची उंची वजा केल्याशिवाय समुद्रसपाटीची उंची मिळत नाही, आणि जिऑइड उणे असेल तर वजा करताना बेरीज होते, इथेही चिन्हच. सीमेवरच्या लाउफेनबुर्गच्या पुलाच्या वेळी जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या उंचीच्या शून्यात २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे माहीत होतं, तरी दुरुस्ती उलट्या दिशेने झाली आणि दोन्ही बाजूंमध्ये ५४ सेंटिमीटर निघाले.

शेवटी डेटम, इपोक, जिऑइड मॉडेल आणि फिरकीची पद्धत ही चारही नावं फाइलच्या वरच्या ओळीतच टाका, वेगळ्या रिपोर्टमध्ये नको, तो रिपोर्ट हरवतो.